जमिनीच्या मोलातून जमिनीचे रक्षण

ज्या रम्यतेच्या ओढीने माणसे एखाद्या गावी घरे बांधावयास येतात, ती रम्यता अखेर त्यांच्याच घरांच्या जोत्याखाली नाहीशी होते. थंड हवेची ठिकाणे, समुद्रकिनारे, टेकड्यांच्या कुशीतील खेडी या सर्वांची ही एकच कहाणी आहे. प्रथम दोन-चार बंगले उठतात, मग रस्ता रुंद होतो, जमिनीचा भाव चढतो. आणि भाव चढला की पिढ्यान् पिढ्या शेती करणाऱ्यालाही नांगरापेक्षा खरेदीखतावरची सही अधिक लाभाची वाटू लागते. हा ओघ कायद्याने सर्वस्वी थोपविता येत नाही, कारण जमीन खाजगी मालकीची असते. ती विकत घेऊन थोपवावा, तर गावाच्या तिजोरीत तेवढा पैसा नसतो. या पेचातून अमेरिकेतील काही लहान गावांनी चार दशकांपूर्वी एक वाट काढली. घर किंवा जमीन विकली जाईल तेव्हा तिच्या किमतीचा लहानसा हिस्सा कर म्हणून घ्यावयाचा, तो स्वतंत्र निधीत ठेवावयाचा आणि त्यातून उरलेल्या मोकळ्या जमिनी गावाच्या नावे कायमच्या खरेदी करावयाच्या, अशी ती वाट आहे. तिचे गुण आणि दोष दोन्ही आता पुरेसे स्पष्ट झाले आहेत. महाराष्ट्रातही खरेदीखतावरील अधिभार ही नवलाची गोष्ट राहिलेली नसल्याने त्या अनुभवाकडे केवळ परदेशची बातमी म्हणून पाहून चालणार नाही.

बेटावरचा प्रयोग

या प्रयोगाचा आरंभ झाला नॅन्टकेट या बेटावर. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या किनाऱ्यापासून सुमारे ३० मैलांवर असलेले हे बेट एके काळी देवमाशांच्या शिकारीचे जगातील प्रमुख केंद्र होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर तो धंदा बुडाला आणि बेट मागे पडले. त्या उपेक्षेमुळेच तेथील जुनी घरे, वाळूची कुरणे आणि झुडपी माळ जसेच्या तसे राहिले. पुढे श्रीमंत शहरवासीयांना उन्हाळ्यासाठी अशाच जागेचा शोध लागला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेटावर जमिनीचे तुकडे पडू लागले. जमिनी राखण्याचे काम तेथील दानशूर संस्था करीत होत्या. परंतु दानाचा वेग आणि बांधकामाचा वेग यांत काही मेळच नव्हता.

तेव्हा बेटाच्या नियोजनकारांनी असा विचार मांडला की, ज्या व्यवहारांमुळे माळ संपत आहे त्याच व्यवहारांतून माळ वाचविण्याचा पैसा उभा करावा. न्यू इंग्लंडच्या परंपरेप्रमाणे तेथे सर्व मतदारांची खुली नगरसभा भरते. तिच्या पाठिंब्याने राज्याच्या विधिमंडळाने १९८३ मध्ये खास कायदा संमत केला आणि 'लँड बँक' ही संस्था अस्तित्वात आली. बेटावरील बहुतेक स्थावर व्यवहारांवर २ टक्के आकार बसविण्यात आला आणि तो खरेदीदाराने भरावयाचा असे ठरले. आकार भरल्याचा अथवा माफ असल्याचा दाखला जोडल्याखेरीज खरेदीखताची नोंदच होत नाही. त्यामुळे वसुलीसाठी निराळे खाते उभारण्याची गरज पडली नाही. लँड बँकेचा कारभार मतदारांनी निवडून दिलेल्या पाच आयुक्तांकडे असतो. शेजारच्या मार्थाज व्हिनयार्ड बेटाने १९८६ मध्ये हाच कित्ता गिरविला. आज नॅन्टकेटची निम्म्याच्या आसपास भूमी या ना त्या संस्थेच्या हाती कायमची सुरक्षित आहे आणि तीत लँड बँकेचा वाटा ३ हजार एकरांहून अधिक आहे. यात किनारे आहेत, कुरणे आहेत, पाऊलवाटा आहेत. सर्वांना खुले असलेले एक गोल्फचे मैदानही आहे. 'मोकळी जागा' या शब्दाचा अर्थ कोण कसा लावील, याची चुणूक त्यातून मिळते.

बटाट्याच्या शेतांचे मोल

बेटावर जे साधले ते मोठ्या मुलुखात साधेल काय, या प्रश्नाचे उत्तर न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंडच्या पूर्व टोकाने दिले. महानगरापासून काही तासांच्या अंतरावरील हा भाग बटाट्याच्या शेतीसाठी आणि मासेमारीसाठी प्रसिद्ध होता. शेतकऱ्याची जमीन न घेता तिच्यावर बांधकाम करण्याचा हक्क तेवढा सरकारने विकत घ्यावयाचा, ही कल्पना अमेरिकेत प्रथम राबविली ती याच सफक परगण्याने, १९७४ मध्ये योजना आखून. शेतकऱ्याला पैसा मिळतो, शेत शेतच राहते आणि पुढचा खरेदीदारही त्यावर इमले उठवू शकत नाही. मात्र न्यूयॉर्कच्या धनिकांची नजर या किनाऱ्यावर पडल्यावर परगण्याचा पैसा तोकडा पडू लागला.

१९९८ मध्ये राज्याच्या कायद्याने येथील पाच नगरांना सार्वमत घेऊन २ टक्के हस्तांतरण कर बसविण्याची मुभा दिली. ईस्ट हॅम्पटन, साउथॅम्प्टन, शेल्टर आयलंड, रिव्हरहेड आणि साउथोल्ड या पाचही नगरांच्या मतदारांनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यास कौल दिला आणि एप्रिल १९९९ पासून वसुली सुरू झाली. नव्या कराला मतदार स्वतः होऊन संमती देतात, हे दृश्य तसे विरळाच. त्यामागील कारणही समजण्यासारखे होते. करातून किमतीचा प्रारंभीचा काही भाग वगळला होता आणि मोठा बोजा बाहेरून येणाऱ्या बड्या खरेदीदारावर पडणार होता. शिवाय पैसा कोठे जाणार हे आधीच ठरलेले होते. राखावयाच्या जमिनींची यादी असलेला आराखडा प्रत्येक नगराने तयार करावयाचा आणि राजीखुशीने विकणाऱ्याकडूनच जमीन वा बांधकामाचा हक्क घ्यावयाचा, असे बंधन होते. या निधीत आतापर्यंत दोन अब्ज डॉलरहून अधिक रक्कम जमा झाली असून दहा हजारांहून अधिक एकर जमीन राखली गेली आहे. कराची मुदत प्रारंभी २०१० पर्यंतच होती. ती वेळोवेळी वाढविण्यात आली. २०१६ च्या सार्वमताने ती २०५० पर्यंत नेली आणि त्याचबरोबर निधीचा पाचवा हिस्सा पाण्याच्या शुद्धतेसाठी वापरण्यास अनुमती दिली.

बोजा कोणाचा, हक्क कोणाचा

या करामागील न्यायाचा विचार जुना आहे. जमिनीची किंमत मालकाच्या श्रमाने वाढते त्याहून अधिक ती समाजाच्या वाढीने आणि परिसराच्या गुणाने वाढते, हे एकोणिसाव्या शतकात जॉन स्टुअर्ट मिल आणि त्यानंतर हेन्री जॉर्ज यांनी ठासून सांगितले होते. समुद्राकडे उघडणाऱ्या खिडकीचे दाम घरमालक घेतो. समुद्र मात्र त्याने निर्माण केलेला नसतो आणि मधले कुरण शेजाऱ्याने विकले नाही म्हणूनच ती खिडकी उघडी राहिलेली असते. अशा आयत्या मूल्यवृद्धीतील अल्प अंश समाजाने परत घेतला आणि तो त्या मूल्याचा उगमच सांभाळण्यासाठी खर्च केला, तर त्यात अन्याय शोधणे कठीण आहे. हा विचार आपल्या भूमीलाही परका नाही. नगररचना योजनेमुळे भूखंडाच्या किमतीत जी भर पडते तिचा काही भाग मालकाकडून घेण्याची तरतूद मुंबई इलाख्याच्या १९१५ च्या नगररचना कायद्यातही होती.

तथापि कराचे समर्थन करणाऱ्यांनी दोन गोष्टी नजरेआड करू नयेत. पहिली ही की, कर खरेदीदार भरतो असे कायदा म्हणत असला तरी तो सर्वस्वी त्याच्याच खिशातून जातो असे नव्हे. कर भरावा लागणार हे ठाऊक असलेला खरेदीदार बोलीच तेवढी कमी करतो आणि बोजाचा काही भाग विकणाऱ्यावर सरकतो. दुसरी गोष्ट अशी की, हा कर मालमत्ता बाळगणाऱ्यावर बसत नाही; मालमत्ता हलविणाऱ्यावर बसतो. पन्नास वर्षे एकाच हवेलीत राहणारा धनिक त्यातून सुटतो आणि बदलीमुळे घर विकून दुसरे घेणारा मध्यमवर्गीय सापडतो. म्हणूनच पुष्कळ अर्थशास्त्रज्ञ अशा कराऐवजी जमिनीच्या मूल्यावरील वार्षिक कर अधिक योग्य मानतात. या आक्षेपात तथ्य आहे. त्याचे निवारण सवलतीच्या मर्यादेने काही अंशी होते. पूर्णांशाने होत नाही.

याशिवाय या निधीच्या प्रकृतीतच एक व्यंग आहे. बाजार तेजीत असतो तेव्हा निधी फुगतो. पण नेमक्या त्याच वेळी जमीनही अत्यंत महाग झालेली असते. मंदीत जमीन स्वस्त मिळू शकते, तर व्यवहारच थंडावल्याने निधी आटलेला असतो. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर पूर्व लाँग आयलंडला हा अनुभव आला आणि करोनाच्या साथीत महानगर सोडून आलेल्यांच्या लोंढ्याने नेमका उलट अनुभव दिला. पुढील उत्पन्न तारण ठेवून कर्ज उभारण्याचा अधिकार या संस्थांना दिला गेला आहे तो याचसाठी. जमिनीच्या बाबतीत उशीर हाच सर्वांत महाग सौदा असतो.

कुलूप आणि किल्ली

एखाद्या कामासाठी राखून ठेवलेला पैसा त्याच कामाला लागेल याची हमी काय, हा प्रश्न मात्र सर्वांत कळीचा आहे. संपन्न आणि सुशिक्षित नगरांतही मोह सुटत नाही. ईस्ट हॅम्पटन येथे पहिल्या दशकाच्या अखेरीस नगराच्या सर्वसाधारण जमाखर्चातील खड्डा बुजविण्यासाठी या निधीतील पैसा वापरला गेला. राज्याच्या लेखातपासणीत त्यावर ठपका आला आणि नगराच्या कारभाराची मोठी नाचक्की झाली. परंतु तेथे ते उघडकीस आले, याचे कारण निधी वेगळा होता, त्याचा हिशेब वेगळा होता आणि आपण कशासाठी मत दिले हे मतदारांना नेमके ठाऊक होते. चोरी कुलपाने थांबतेच असे नाही; पण कुलूप असले म्हणजे चोरी झाली हे तरी कळते.

राखलेला माळ, हरवलेले घर

या प्रयोगाच्या यशातूनच त्याचा सर्वांत गंभीर दोष जन्मास आला. माळ राखला गेला की त्याच्या कडेच्या घराची किंमत आणखी वाढते. बांधकामास उपलब्ध असलेली जमीन कमी होते आणि मागणी तर हटत नाही. नॅन्टकेटची वस्ती २०२० च्या जनगणनेत १४ हजारांच्या थोडी वर होती. त्या बेटावर आज साधे घरही दहा लाख डॉलरच्या आत मिळणे दुरापास्त झाले आहे. शाळेतील शिक्षक, रुग्णालयातील परिचारिका, अग्निशामक दलाचा जवान, नगराच्या कचेरीतील कारकून यांनी राहावयाचे कोठे? काहींना समुद्रापलीकडे राहून रोज बोटीने यावे लागते. लाँग आयलंडच्या पूर्व टोकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी कामगारांच्या मोटारींची रांग लागते आणि संध्याकाळी तीच रांग उलट दिशेने परतते. गाव सुंदर राहिले, पण ते गाव चालविणारी माणसे गावाबाहेर गेली. मोकळ्या जागेचे रक्षण म्हणजे धनिकांच्या वाड्याभोवतीचा खंदक, असे टीकाकार म्हणू लागले. त्यात अतिशयोक्ती असली तरी ही टीका निराधार नव्हती.

याचे भान पूर्व टोकाच्या नगरांना उशिरा का होईना, आले. नोव्हेंबर २०२२ मध्ये पाचपैकी चार नगरांनी सार्वमताने आणखी अर्धा टक्का कर मान्य केला. तो स्थानिक लोकांच्या परवडणाऱ्या घरांसाठीच वापरावयाचा आहे आणि २०२३ पासून तो लागू झाला आहे. त्याच वेळी लहान व्यवहारांची सवलत वाढविण्यात आली. ईस्ट हॅम्पटन किंवा साउथॅम्प्टन येथे १५ लाख डॉलरचे घर घेतले, तर पहिले ४ लाख वगळून उरलेल्या ११ लाखांवर २२ हजार डॉलर मोकळ्या जमिनींसाठी आणि साडेपाच हजार डॉलर घरांसाठी द्यावे लागतात. व्यवहार २० लाखांच्या पुढे गेला की ही सूटही मिळत नाही. नॅन्टकेटच्या मतदारांनीही घरांसाठी अशाच आकाराची मागणी अनेकदा केली. पण राज्याने परवानगी दिली नाही. मॅसॅच्युसेट्सच्या राज्यपालांनी २०२३ मध्ये सुचविलेली, गावांना असा कर बसविण्याची मुभा देणारी तरतूद २०२४ च्या गृहनिर्माण कायद्यातून अखेर वगळली गेली. मैदानासाठी जी संमती चाळीस वर्षांपूर्वी मिळाली, ती शिक्षकाच्या घरासाठी आजही मिळत नाही, यातील विसंगती उघड आहे.

कर आहे, कुलूप नाही

महाराष्ट्राचा प्रश्न याहून निराळा आणि एका अर्थी अधिक बोचरा आहे. येथे हस्तांतरणावरील कर नव्याने बसविण्याचा प्रश्नच नाही, तो आहेच. मुद्रांक शुल्कावर स्थानिक संस्थांसाठी १ टक्का अधिभार पूर्वीपासून घेतला जातो आणि मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर यांसारख्या शहरांत मेट्रोसारख्या वाहतूक प्रकल्पांसाठी आणखी १ टक्का अधिभार एप्रिल २०२२ पासून आकारला जात आहे. म्हणजे घराच्या खरेदीतून शहराच्या एका विशिष्ट गरजेसाठी पैसा उभा करावा, हे तत्त्व राज्याने स्वीकारलेले आहे. मात्र त्या गरजांच्या यादीत टेकडी, मैदान आणि तळे यांना स्थान मिळालेले नाही.

परिणाम डोळ्यांसमोर आहे. विकास आराखड्यात उद्यान किंवा क्रीडांगण म्हणून हिरवा रंग दिला की जागा वाचली, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याचे १२७ वे कलम वेगळेच सांगते. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर ठराविक मुदतीत संस्थेने पावले उचलली नाहीत, तर आरक्षणच लोपते. मालकाच्या बाजूने पाहिले तर हे न्याय्यच आहे. कोणाची जमीन मोबदल्याविना अनिश्चित काळ अडवून ठेवता येणार नाही. परंतु २०१३ च्या भूसंपादन कायद्यानंतर शहरी भागातही बाजारभावाच्या दुपटीपर्यंत मोबदला द्यावा लागतो आणि महापालिकेकडे तो नसतो. नकाशावरील हिरवा रंग त्यामुळे पैशाअभावी पुसला जातो.

पैशाऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क देण्याची पद्धत आहे; पण तिच्याही मर्यादा आहेत. पुण्यात १९९७ मध्ये समाविष्ट झालेल्या २३ गावांतील टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचे आरक्षण ठेवण्याचा निर्णय महापालिकेने २००२ मध्ये घेतला. क्षेत्र सुमारे ९७५ हेक्टर. राज्य सरकारने त्यावर शिक्कामोर्तब केले ते २०१५ मध्ये, आणि मोबदला म्हणून ठेवला केवळ ८ टक्के विकास हक्क. खाजगी मालकांना तो पुरेसा वाटला नाही आणि टेकड्यांचा प्रश्न लोंबकळत राहिला. हक्क वाढवून द्यावे, तर तेच बांधकाम शहराच्या दुसऱ्या, आधीच दाटलेल्या भागात जाऊन उभे राहते. रोख पैसा देऊन जमीन वा बांधकामाचा हक्क कायमचा संपविणे हाच स्वच्छ मार्ग आहे आणि त्यासाठी नियमित उत्पन्नाचा झरा हवा.

तो झरा अधिभारातून काढता येईल. परंतु येथे महाराष्ट्राने स्वतःच्याच इतिहासाचे स्मरण ठेवले पाहिजे. शिक्षकांच्या आणि कारकुनांच्या पगारातून दरमहा कापला जाणारा व्यवसाय कर १९७५ मध्ये आला तो रोजगार हमी योजनेसाठी. दुष्काळात होरपळलेल्या खेड्यांसाठी शहरातील नोकरदाराने आपला वाटा द्यावा, ही उदात्त भावना त्यामागे होती आणि ती कल्पना पुढे साऱ्या देशाने उचलली. पण जमा होणारा कर आणि योजनेवर होणारा खर्च यांचा मेळ पुढे राहिला नाही, अशी टीका वारंवार झाली. आज रोजगार हमीच्या खर्चाची मांडणी बदलली आहे. पगारातील कपात मात्र चालू आहे. ती कशासाठी आहे, हे भरणाऱ्यांपैकी किती जणांना सांगता येईल? कराचा हेतू लोकांच्या विस्मरणात गेला की तो सरकारच्याही विस्मरणात जातो.

आपल्याकडे करासाठी सार्वमताची प्रथा नाही. म्हणून जे काम तेथे मतपेटीने केले, ते येथे कायद्याच्या कलमांनी करावे लागेल. अधिभाराचा निश्चित हिस्सा वेगळ्या निधीत जमा व्हावा. घ्यावयाच्या जमिनींची क्रमवार यादी आधी जाहीर व्हावी. एकदा घेतलेली जमीन अन्य उपयोगासाठी देण्यास विधिमंडळाची संमती आवश्यक असावी आणि वर्षाचा हिशेब प्रत्येक प्रभागात लावला जावा. लहान घराच्या खरेदीदाराला सूट हवी. टेकडी राखली म्हणून त्या टेकडीच्या पायथ्याची वस्ती गरिबाला पारखी होणार असेल, तर घरांसाठीचा हिस्साही त्याच कायद्यात प्रथमपासून हवा. नॅन्टकेटप्रमाणे चाळीस वर्षांनी आठवून उपयोग नाही.

मुंबईहून मांडव्याला २०२० पासून मोटारींसह बोट जाऊ लागली आणि अलिबागचा किनारा महानगराच्या आणखी जवळ आला. तेथील वाड्या, भातखाचरे आणि सुरूची बने यांच्यापुढे आज तोच प्रश्न उभा आहे, जो पूर्व लाँग आयलंडच्या बटाट्याच्या शेतांपुढे एका पिढीपूर्वी होता. तेथील लोकांनी अर्धे काम वेळेवर केले आणि अर्धे उशिरा. येथे खरेदीखते रोज नोंदली जात आहेत आणि प्रत्येक खतावर अधिभारही भरला जात आहे. त्या पैशातील एक रुपयाही ज्या जमिनीमुळे ते खत झाले तिच्याकडे परतत नाही. ही व्यवस्था बदलावयाची असेल, तर विकत घेण्याजोगे काही शिल्लक आहे तोवरच बदलली पाहिजे.